कागदावरचा कोरडा गॅस

गंज हा शब्द आपण बहुधा माणसाच्या बुद्धीविषयी वापरतो. वापरली नाही तर बुद्धी गंजते, परजली नाही तर तलवार गंजते, असे आपण मुलांना सांगतो. लोखंड खरोखरीच गंजते याची आठवण होते ती पावसाळ्यात, पडवीच्या पत्र्याला भोक पडून खालच्या धान्याच्या पोत्यावर थेंब पडू लागले म्हणजे. पत्र्याचे एक बरे असते. तो डोळ्यांसमोर असतो. त्याचा रंग बदलतो, पापुद्रे सुटतात, आणि फार तर पोतेभर धान्य भिजते. परंतु जे लोखंड कमरेइतके खोल मातीत पुरले आहे, ज्याच्या पोटातून हवेच्या दाबाच्या कित्येक पट दाबाने पेटणारा वायू अहोरात्र वाहतो आहे, आणि ज्याच्या शेजारी कुणाचे तरी शेत व कुणाची तरी वस्ती उभी आहे, त्याचा गंज कोणी पाहायचा?

प्रश्न दूरचा नाही. नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्यांचे जाळे आपल्या देशात आता सुमारे २५,००० किलोमीटर लांबीचे झाले आहे. एक नळी दाभोळहून बंगळूरला जाते. दुसरी समृद्धी महामार्गाची सोबत करीत नागपूरच्या दिशेने गेली आहे. शहरांत तिच्या फांद्या स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत पोचल्या आहेत आणि यंदाच्या कितीतरी चकल्या त्याच निळ्या ज्योतीवर तळल्या गेल्या असतील. हा वायू नको, असे म्हणणारा मी नाही. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. माझे भांडण नळीशी नाही. तिच्या राखणदारांशी आहे.

धातूंना लागणारा गंज मोजण्याच्या धंद्यात मी तीस वर्षे काढली. त्या अनुभवाच्या बळावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आपल्याकडे नियम कमी आहेत, ही तक्रार खोटी आहे. नियम पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे चांगले आहेत. परंतु ते पाळले जातात की नाही, हे ज्याने पाळायचे त्यालाच विचारून बहुतांशी ठरवले जाते. ज्याच्या उत्तराची खात्री करायला कोणी जात नाही, असा नियम म्हणजे नुसती विनंती. आणि गंज कोणाची विनंती ऐकत नाही.

आधी गंजाची रीत समजून घेतली पाहिजे. नाहीतर पुढचा वाद हवेत राहील. नैसर्गिक वायू कोरडा असेल तर तो पोलादाचे काही बिघडवीत नाही. त्याच्यासोबत पाणी आले की चित्र पालटते. या वायूत थोडाफार कार्बन डायऑक्साइड असतोच. सोड्याच्या बाटलीत तो पाण्यात विरघळून जिभेला चुरचुरतो. नळीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात विरघळला की त्याचे सौम्य आम्ल होते आणि ते पोलाद खाऊ लागते. नळी जमिनीच्या चढउताराप्रमाणे जाते. ओढ्याखाली, नदीकाठी ती खाली वाकते आणि पाणी तेथेच साचते. म्हणून आतला गंज सगळीकडे सारखा लागत नाही. दहा कोस नळी नव्यासारखी असते आणि एका खळग्यात तिची भिंत पत्र्यासारखी पातळ झालेली असते. सरासरी काढून समाधान मानणाऱ्याला हा खळगा जन्मात सापडायचा नाही.

बाहेरून ओल्या मातीचा मारा चालू असतो. त्यावर नळीला वेष्टन करतात आणि वेष्टनाच्या जोडीला विजेचा सौम्य प्रवाह देतात. मूळ कल्पना हम्फ्री डेव्हीची. १८२४ साली त्याने ब्रिटिश आरमाराला दाखवून दिले की, जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. आज नळीचा विद्युद्दाब तांबे आणि मोरचूद यांच्या मापकाशी ताडून पाहतात; तो उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे असला म्हणजे संरक्षण पुरेसे मानतात.

हे सारे मोजता येते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हा विद्युद्दाब वर्षातून एकदा, आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर पडू न देता, पाहावा लागतो. प्रवाह पुरवणारी यंत्रे वर्षातून सहा वेळा तपासावी लागतात. वायू गंज आणणारा असेल तर त्यावर केलेले उपाय लागू पडतात की नाही, हे पाहण्यासाठी नळीत पोलादाची छोटी पट्टी ठेवतात आणि वर्षातून दोनदा ती तपासतात. तिचे वजन किती घटले यावरून नळीला आतून काय होत असेल ते कळते. सोनाराच्या तराजूइतकी सरळ गोष्ट आहे ही. याखेरीज वायूच्या रेट्याबरोबर नळीतून पुढे सरकत जाणारे आणि भिंतीची जाडी टिपत जाणारे यंत्र आहे. त्याला धंद्यात 'पिग' म्हणतात. आपल्याकडे २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ निर्माण झाले. त्या मंडळाने २००९ साली नळ्यांच्या सुरक्षिततेचे नियम केले आणि २०१२ साली नळी आयुष्यभर धडधाकट कशी राखावी याचे वेगळे नियम केले.

ही सनावळी ध्यानात ठेवावी. कारण नगरम् गावचा स्फोट २०१४ सालचा आहे. नियम आधी आले आणि प्रेते नंतर.

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नारळीच्या बागांचा कोनसीमा नावाचा मुलूख आहे. नगरम् हे त्यातले गाव. तेथून गेल या सरकारी कंपनीची १८ इंची नळी ताटिपाक्याहून कोंडपल्लीकडे जात होती. २७ जून २०१४ रोजी पहाटे ती फुटली. वायू घरांत आणि बागांत पसरला, पेटला, आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतली कित्येक अंथरुणातूनही उठलेली नव्हती. नळी गळते अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, असे त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आले. पुढे सरकारी समितीने चौकशी केली. तिने जे सांगितले ते कोणाही विद्यार्थ्याला सांगता आले असते: नळी आतून गंजली होती. ती बांधली होती कोरड्या वायूसाठी, आणि तिच्यातून ओला वायू वाहत होता. वायूतले पाणी काढून टाकण्याची सोय नव्हती.

म्हणजे कागदावर वायू कोरडा होता. माझ्या मते या एका वाक्यात सगळा रोग आहे. कागदावर वायू कोरडा, म्हणून कागदावर पाणी नाही. पाणी नाही, म्हणून आम्ल नाही. आम्ल नाही, म्हणून गंज नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी साखळी! पहिली कडी मात्र कोणी बोट लावून पाहिली नाही. बोट ओले झाले असते.

हा दोष आपल्या मातीचा आहे, असे कोणी म्हणेल. विलायतेत असे होत नाही, हे वाक्य आपल्या तोंडी नेहमी तयार असते. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या कार्ल्सबाडची हकिकत सांगतो. १९ ऑगस्ट २००० रोजी न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठी एल पासो कंपनीची ३० इंची नळी फुटली. नळी ज्या पुलावरून नदी ओलांडत होती त्याच्या खाली एका गोतावळ्यातली १२ माणसे मुलाबाळांसह मुक्कामाला उतरली होती. बाराही जण गेले. नळी १९५० सालची. चौकशीत दिसले की, फुटली त्या जागी आतून गंजून भिंतीची जाडी ७२ टक्के नाहीशी झाली होती. साचलेले पाणी काढून घेण्याची वाट तुंबली होती, आणि नळीच्या त्या भागात साफसफाईचे यंत्र जाऊच शकत नव्हते. चौकशी मंडळाने कंपनीला दोष दिलाच. पण सरकारी तपासनीसांच्या आधीच्या तपासण्यांत कंपनीच्या व्यवस्थेतले हे दोष पकडले गेले नव्हते, हेही लिहून ठेवले. दंडाचा सोक्षमोक्ष लागला २००७ साली: १ कोटी ५५ लाख डॉलर. बारा चिता विझून तोवर सात वर्षे झाली होती.

आता मघाच्या नियमातले एक वाक्य पुन्हा पाहू. 'वायू गंज आणणारा असेल तर' पट्टी ठेवायची. हा 'तर' मोठा सोयीचा आहे. वायू गंज आणणारा आहे की नाही, हे पहिल्यांदा कोण ठरवणार? ज्याची नळी तो. तो म्हणतो, आमचा वायू सज्जन आहे. मग पट्टी नको, वजन नको, नोंद नको. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा ती नाही असे आधीच जाहीर केले की शोधाची जबाबदारी टळते, ही युक्ती केवढी सोपी! घरात साप नाही असे घरमालकाने लिहून दिले म्हणजे कंदील लावायला नको.

आणि जेथे नोंद आहे तेथे तरी काय असते? एका कंपनीची नोंदवही पाहण्याचा प्रसंग मला आला होता. नाव सांगण्यात हशील नाही. वही कोणाचीही असू शकते. बारा महिन्यांचे बारा रकाने, एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत भरलेले. आणि प्रत्येक रकान्यात उणे ०.९५. वैशाखात जिला भेगा पडतात आणि आषाढात जिचा चिखल होतो त्या मातीत बारा महिने आकडा तसूभर हलत नाही, हे ज्याने एकदा तरी मापक हातात धरला आहे त्याला पटणार नाही. मी तेथल्या अधिकाऱ्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आकडा नियमात बसतो ना? मग झाले तर!" तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या हाताखाली माणसे कमी होती आणि अंतर फार होते. व्यवस्थेने त्याला एक धडा पक्का शिकवला होता: कोरा रकाना तपासणीत सापडतो, भरलेला रकाना सापडत नाही. म्हणून तो रकाने भरीत होता. अशा अंमलबजावणीने गंज कमी होत नाही. शाईचा खप तेवढा वाढतो.

याच्या उलट, कायद्याची कडक बाजू पाहायची असेल तर शेतकऱ्याकडे जावे. १९६२ च्या कायद्याने नळीसाठी शेतातल्या पट्ट्याचा वापरहक्क सरकार घेते. जमीन नावाला शेतकऱ्याचीच राहते. पण त्या पट्ट्यावर त्याने घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. मोबदला, कायद्याच्या मूळ कलमाप्रमाणे, बाजारभावाच्या दहा टक्के. २०११ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन नळीला भोक पाडणाऱ्याच्या शिक्षा फार कठोर झाल्या. भोक पाडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. माझी हरकत नाही. पण हेच भोक आतून पडू देणाऱ्याचे काय? २००६ च्या कायद्यात मंडळाचे निर्देश मोडणाऱ्याला एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि मोडणे चालूच राहिले तर दिवसाला दहा लाखांपर्यंत. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपनीला ही रक्कम खर्चाच्या एका ओळीत बसवता येते. बाहेरून भोक पाडले तर तुरुंग आणि आतून पडू दिले तर पावती! शेतकऱ्याने आंब्याचे कलम लावले की दुसऱ्या दिवशी माणूस येऊन उभा राहतो. तो कलम पाहतो. त्याच्या पायाखालची नळी किती उरली आहे, हे त्या शेतकऱ्याला सांगण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील, आणि ते मी ऐकलेले आहेत.

पहिला आक्षेप असा की, यातून पुन्हा तपासनीसांचे राज्य येईल, चिरीमिरी वाढेल. भीती खोटी नाही. परंतु चोर पोलीस असतात म्हणून चौकी बंद करावी, आणि चोरालाच आपल्या चोरीची डायरी लिहायला सांगावी, हा उपाय कोणी सुचवीत नाही. तपासनीस भ्रष्ट होऊ शकतो, तर त्याचा आकडा उघड्यावर ठेवा. चार जणांनी पाहिलेला आकडा विकायला कठीण जातो.

दुसरा आक्षेप असा की, हा विषय तज्ज्ञांचा आहे, लोकांनी त्यात पडू नये. मी स्वतः या धंद्यातला असल्यामुळे मला या युक्तिवादाची लाज वाटते. नळीची भिंत मुळात इतकी जाड होती, आज इतकी आहे, आणि इतकी उरली की ती बदलली पाहिजे: हे तीन आकडे समजायला पदवी कशाला हवी? विहिरीत किती परस पाणी उरले, हे ज्या गावाला कळते त्याला हेही कळेल.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नळी बंद केली तर वीजकेंद्रे थांबतील, खतांचे कारखाने थांबतील, चुली विझतील. म्हणून सबुरीने घ्या. यावर पहिले उत्तर असे की, प्रत्येक वेळी नळी बंद करावी लागत नाही. दाब उतरवता येतो, आणि संशय असलेल्या नळीचा दाब उतरवणे ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. दुसरे उत्तर कडू आहे. फुटल्यावर नळी बंद पडतेच. नगरम् ची पडली. कार्ल्सबाडच्या स्फोटानंतर कॅलिफोर्नियाकडे जाणारा वायू आखडला आणि तिकडे भाव चढले. तेव्हा निवड चालू आणि बंद यांतली नाहीच. आपण ठरवलेल्या दिवशी बंद करायची की गंजाने ठरवलेल्या दिवशी, एवढीच निवड आहे.

आणि हे आपल्याला अशक्य आहे, असेही कोणी सांगू नये. आपण ते करून दाखवले आहे. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटून माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. तो वाढत वाढत १९२३ चा बॉयलर कायदा झाला, आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या सगळ्याच्या मुळाशी एक खणखणीत तत्त्व आहे: चालू प्रमाणपत्र नसेल तर बॉयलर वापरायचा नाही. १९२३ च्या कायद्यात प्रमाणपत्राची मुदत बारा महिन्यांहून अधिक ठेवता येत नव्हती. मुदत संपली की भट्टी थंड. मालकाने नोंदवही दाखवून भागत नाही. त्याला बॉयलर उघडून दाखवावा लागतो. साखर कारखान्यांच्या या महाराष्ट्राला हे काही नवे नाही. हंगामाआधी बॉयलरची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते, मग गळीत सुरू होते. यामुळे साखरधंदा बुडाला असे मी ऐकले नाही. बॉयलर एका आवारात असतो आणि नळी शेकडो गावांच्या शिवारांतून जाते. मग बॉयलरला जो नियम लागू केला तो नळीला जड का व्हावा?

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली: गंजाचे मोजमाप करणाऱ्याची निवड आणि त्याचा पगार कंपनीच्या हाती नसावा. कंपन्यांनी पैसे मंडळाकडे भरावेत, माणूस मंडळाने पाठवावा, आणि वायू कोरडा की ओला हेही त्यानेच पाहावे. दुसरी: प्रत्येक मोजमापाला मुदत असावी, आणि मुदत उलटताच, कोणाच्या पत्राची वा बैठकीची वाट न पाहता, त्या टप्प्यातला दाब उतरलाच पाहिजे. परवानगी दाब चढवण्यासाठी मागावी लागावी, उतरवण्यासाठी नव्हे. तिसरी: ज्या गावातून नळी जाते त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर वर्षी त्या टप्प्याचे आकडे मराठीत लागावेत: भिंत किती होती, किती उरली, शेवटचे मोजमाप कधी झाले, आणि खाली सही कोणाची.

या सहीवर माझा विशेष भर आहे. ती सही संचालकाची असावी. आकडा खोटा निघाला तर खटला त्याच्यावर व्हावा. महिन्याच्या पगारावर मैलोनमैल उन्हातून चालणाऱ्या नोंदणीकाराला निलंबित करून हात झटकण्याची आपली जुनी रीत आता पुरे झाली. त्या नोंदणीकाराकडे मापक आहे की नाही, गाडी आहे की नाही, त्याचा आकडा वर कोणी वाचतो की नाही, हे वरच्याने ठरवलेले असते.

लोखंड निसर्गात मातीच्या रूपानेच सापडते. भट्टीत घालून, कोळसा जाळून आपण त्याला पोलाद करतो, आणि ते संधी मिळेल तेव्हा पुन्हा मातीकडे निघते. गंज म्हणजे हा परतीचा प्रवास. तो थांबवता येत नाही. लांबवता येतो, आणि तो कोठवर आला आहे हे मोजता येते. मोजण्याची विद्या आपल्याकडे आहे, साधने आहेत, नियम आहेत. उणीव आहे ती शिवारात जाऊन नळी उघडून पाहणाऱ्याची, आणि 'दाब उतरवा' असे सांगितल्यावर ज्याचे ऐकावेच लागते अशा अधिकाराची. नगरम् ची माणसे चौकशीचा अहवाल वाचायला उरली नाहीत. आपण उरलो आहोत. पुढच्या ग्रामसभेत, ज्याच्या शेतातून नळी गेली आहे अशा एखाद्या शेतकऱ्याने उठून एवढेच विचारावे: "आमच्या खालची नळी शेवटची कधी मोजली?" उत्तर आले नाही तर तेही इतिवृत्तात लिहून घ्यावे, तारखेसह.